राखेवरची डॉक्टरकी

बनाबाईला फोन कानाला लावून बोलायची सवय कधी लागलीच नाही. फोन आला की ती आवाज मोठा करायची, फोन ओट्यावरच्या ताटलीत ठेवायची आणि हातातलं काम न सोडता त्या ताटलीशी बोलायची. त्यामुळे तिच्या घरची बातमी तिला आणि गल्लीला एकाच वेळी कळे. मेहकर तालुक्यातलं हे गाव लहान. विहाराच्या बाजूनं निघालेली गोष्ट चहाचा कप रिकामा व्हायच्या आत पार मारुतीच्या पारावर जाऊन बसायची.

त्या दिवशी फोन आला तो गोव्याहून, सुवर्णाचा. सुवर्णा ही बनाबाईची एकुलती एक लेक. मेहकरच्या कॉलेजात शिकली, मग संभाजीनगरच्या विद्यापीठात, आणि आता गोव्यात समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत पीएचडी करत होती. घरात लसणाची फोडणी चालली होती. दाराजवळच्या ओट्यावर शेजारची तानुबाई सुपात तूर निवडत बसली होती.

"आई, विषय मंजूर झाला!" सुवर्णा ओरडली. "मी आता ज्वा..." इथं रेंज गेली, आली. "...राखेवर काम करणार!"

"कशावर?"

"राखेवर, आई! राख! मंग करते फोन."

ताटली गप्प झाली. तानुबाईच्या सुपातला हात थांबला. तानुबाई गावातली मोठी शेतकरीण. सोयाबीन, तूर, कपाशी, दारात ट्रॅक्टर. नवरा शेषराव कारभारी म्हणवायचा, पण कारभार हिचा. तिनं आधी ताटलीकडे पाहिलं, मग बनाबाईकडे.

"बने," ती म्हणाली, "एवढं शिकून-सवरून पोरगी राखेपाशीच आली का वं? राख तं माह्या चुलीत बी होती."

संध्याकाळपर्यंत सुवर्णाची पदवी गावात जाहीर झाली : राखेवरची डॉक्टरकी.

बनाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. माहेर रोहिणखेडचं. नवरा शंकरराव एसटीच्या मेहकर आगारात मेकॅनिक होता, आता निवृत्त. तो इतका कमी बोलायचा की त्याच्या वाट्याचं बोलणंही बायकोनं उचललं होतं, आणि कुणाच्या वाट्याचं काम अंगावर पडलं म्हणून ती कधी कुरकुरली नाही. शाळेत पोरं जेवायला बसली की वाढता वाढता ती सुवर्णाची उदाहरणं द्यायची. "माही सुवर्णा याच पंगतीत बसून खिचडी खात होती. आज कुठं हाय? समुद्रावर!" पोरं मान डोलवत आणि आणखी एक डाव खिचडी मागत.

अडचण एवढीच होती की समुद्रावर सुवर्णा नेमकं काय करते हे बनाबाईला माहीत नव्हतं. सुवर्णा फोनवर सांगायची, पण ते बोलणं तुकड्यातुकड्यानं पोचायचं आणि पोचलेल्यातला अर्धा भाग पुस्तकी असायचा. बनाबाई "हो, हो" म्हणायची. लेकीला परत परत विचारायचं म्हणजे आपण अडाणी ठरायचं, आणि ते तिला मान्य नव्हतं. त्यात सुवर्णा मधे अंदमानच्या बाजूला जहाजावर जाऊन आली होती. ती परत जमिनीला लागेपर्यंत बनाबाई ताटलीतल्या फोनकडे डोळे लावून बसायची. पाण्याची तिला माहिती विहिरीपुरती. त्यापुढचं पाणी म्हणजे धाकच.

एकदा पिठाच्या गिरणीवर बायका डबे लावून बसल्या होत्या. गिरणी चालू, पट्टा फडफडतोय, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. तानुबाईनं त्या आवाजावर आवाज चढवून विचारलं, "बने, तुही पोरगी त्या राखेचं करते तरी काय? भांडे घासते का समुद्रातले?"

हशा पिकला. बनाबाईची कानशिलं तापली. पुढे काय बोलायचं ते तिनं ठरवलं नव्हतं, पण तोंड उघडं होतं आणि त्यातून आपोआप निघालं :

"तुमाले काय मालूम! समुद्रात बी वावर असते. त्याले बी खत लागते. ती राख म्हंजे समुद्राचं खत हाय. सरकारनं माह्या पोरीले समुद्राले खत द्याच्या कामावर घेतलं!"

मग एक म्हातारी म्हणाली, "समुद्रात काय पेरतेत वं, सोयाबीन का तूर?" आणि हशाचा असा लोट आला की गिरणीवाल्यानं काय झालं म्हणून मशीन बंद केली.

बनाबाई डबा डोक्यावर घेऊन घरी आली ती स्वतःलाच शिव्या देत. समुद्राला खत! असं कुठं असतं का? जो समुद्र जहाजं गिळतो त्याला कोण खत घालणार? आता पोरगी घरी आली की कुणीतरी तिला विचारणार, ती बिचारी खरं ते सांगणार, आणि मग या गावात आपलं कोण ऐकणार?

दसऱ्याच्या सुटीत सुवर्णा घरी आली.

मेहकरच्या स्टँडवरून शंकररावनं तिला मोटरसायकलवर आणलं. ती वाळली होती, काळवंडली होती आणि खुशीत होती. बॅगेतून तिनं आईला साडी काढली, बाबांना काजू काढले, आणि मग कपड्यांत गुंडाळलेली झाकणाची एक काचेची बरणी काढून बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवली. बरणीत करड्या रंगाची भुकटी होती.

"हेच का ते?" बनाबाईनं विचारलं.

"हेच. अंदमानजवळ एक बेट हाय आई, तिथला ज्वालामुखी अधूनमधून जागा होते. आम्ही त्या बाजूनं जाऊन राह्यलो होतो तं डेकवर पडली. सगळे अंग झटकत होते, मी झाडू घेऊन गोळा करत होती. कामापुरती संस्थेत ठेवली. ही उरलेली शाळेतल्या पोराइले दाखवाले आणली."

बनाबाईनं बरणी उजेडात धरून पाहिली. एवढा प्रवास, एवढं शिक्षण, आणि शेवटी राख ती राख. पण असेल बाई भारी, तिनं मनात म्हटलं आणि बरणी जागेवर ठेवली.

लेक आली म्हणून पाहुणे बोलावले होते. लाडवांसाठी तिनं तानुबाईची पितळी परात आणली होती. ही परात तानुबाईच्या माहेरची, हात पसरून धरावी एवढी मोठी. आधीच्या पिढीत ही परात तानुबाईच्या घरून बनाबाईच्या घरी आली नसती. या दोघींनी त्यावर कधी चर्चा केली नाही; एकीनं मागितली, दुसरीनं दिली, आणि तेव्हापासून ती जात-येत राहिली.

पाहुणे जेवून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाप-लेक कामानिमित्त मेहकरला गेले आणि बनाबाई परात घासायला बसली. साबणानं तूप निघालं, पण पितळ मळकटच राहिलं! जुन्या काळी चुलीतली राख आणि चिंच लावली की परात तोंड पाहण्याजोगी व्हायची. पण गॅस आल्यापासून घरात राख कुठली? तानुबाईकडे मळकी परात न्यायची आणि तिचं बोलणं ऐकायचं?

तिची नजर फळीवर गेली.

चिमूटभर घ्यावी. बरणी भरलेली आहे. पोरीला कळणारही नाही. आणि चुलीतली साधी राख जर एवढं चकचकीत करते, तर ही एवढ्या दुरून आणलेली, सरकारी अभ्यासाची राख काय करील!

बनाबाईनं चिंचेच्या कोळात चिमूट टाकली. मग आणखी एक. मग मूठच. हात फिरवला तसा करकर आवाज आला. मळ निघतोय, तिला वाटलं, आणि ती जोर लावून घासत सुटली. पाणी ओतलं, परात उन्हात धरली, आणि तिच्या तोंडातून "अवो माय" एवढंच निघालं.

परात चमकत होती, पण कशी? काठापासून काठापर्यंत ओरखडेच ओरखडे. मांजरांचं भांडण परातीत झालं असावं तशी. तिच्या स्वतःच्या बोटांची टोकंही चुरचुरत होती.

सुवर्णा परतली तेव्हा आई पायरीवर बसली होती आणि परात पदराखाली झाकायचा प्रयत्न चालला होता. पदर लहान होता, परात मोठी होती.

"आई, काय झालं?"

बनाबाईनं पदर काढला. सुवर्णानं परातीकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं आणि धावत जाऊन बरणी उचलली.

"किती घेतली?"

"चिमूटभर."

"चिमूट कोणाची, तुही का हत्तीची?" सुवर्णा रागावली होती, पण राग तोंडावर टिकेना. आईची बोटं हातात घेऊन ती न्याहाळू लागली. "लागलं तं नाही ना? अवं आई, ही राख जळालेल्या लाकडाची नोहे. जमिनीच्या पोटातला खडक वितळून वर उडते, हवेत फुटते आन् थंडा होते. हे दगडाचं अन् काचेचं पीठ हाय. तू काचेनं परात घासली!"

"मंग तिले राख काऊन म्हणता?" बनाबाई उसळली. "काच म्हणा ना! बरणीवर लिवा ना!"

सुवर्णा तोंड उघडणार तोच फाटक वाजलं. तानुबाई आली होती. सोयाबीन काढायला मजूर लागले होते, त्यांच्यासाठी कणीक मळायला तिला परात हवी होती.

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बनाबाई उठून उभी राहिली. आयुष्यात प्रथमच तिला बोलायला शब्द शोधावे लागले.

"तानुबाई, माह्यानं चूक झाली. परात खराब केली म्या. त्या राखेनं घासली. पोरीले न विचारता घेतली."

तानुबाईनं परात हातात घेतली. उन्हाकडे वळवली, परत वळवली. त्या रेघांवरून तिनं एकदा सावकाश बोटं फिरवली. आईची परात होती. बनाबाईला वाटलं, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग तानुबाई ओट्यावर टेकली आणि सुवर्णाला म्हणाली, "इकडं ये. ही माय तुही गिरणीवर सांगत होती का समुद्राले खत लागते अन् ही राख ते खत हाय. खरं हाय का खोटं, ते आदी सांग."

बनाबाईला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. एका सकाळी माणसाची किती शोभा व्हावी!

सुवर्णा मात्र आईकडे डोळे मोठे करून पाहत होती. "आई, तुले हे कोणं सांगतलं?"

"कोणं नाही," बनाबाई पुटपुटली. "असंच निंगालं तोंडातून."

"पण बरोबर हाय ते! तेच तं माहं काम हाय!"

आता डोळे मोठे करायची पाळी बनाबाईची. तिघींत सगळ्यात जास्त नवल तिलाच वाटलं. ती खाली बसली.

सुवर्णानं सांगायला सुरुवात केली ती गोव्याच्या भाषेत. "समुद्राच्या वरच्या थरात वनस्पती प्लवक असतात, सूक्ष्म, एकपेशीय..." दोन वाक्यांत तानुबाईनं हात वर केला.

"आमच्यासारखं बोल."

सुवर्णा थांबली. डोकं खाजवलं. मग तिनं अंगणापलीकडे पाहिलं, जिथून तानुबाईचं वावर दिसत होतं.

"मावशी, झड लागली का सोयाबीन पिवळं पडते ना? शिरा हिरव्या, पान पिवळं?"

"पडते. यंदा बी पडलं."

"मंग काय करता?"

"हिराकस फवारतो. लोखंड कमी पडते त्याले. जमिनीत असते म्हणे, पण झाडाले भेटत नाही."

"तसंच हाय ते," सुवर्णा म्हणाली. "समुद्रात डोयाले दिसत नाही असं बारीक शेवाळ असते. तेच समुद्राचं पीक. त्याच्यावर बारीक किडे जगतेत, किड्याइवर मासे, माशाइवर सारे. आपुन जे हवा घेतो ना, तिच्यातला बी मोठा वाटा त्या शेवाळाचा. आता किनाऱ्याले नद्या माती आणतेत, तिथं खायाले भेटते. पण दूर मधात, खाली दक्षिणेकडं, पाणी हाय, ऊन हाय, बाकी सारं हाय, फक्त लोखंड नाही. चिमूटभर बी नाही. म्हणून पीकच येत नाही. आपल्याले तो समुद्र निळाशार दिसते, लोक फोटो काढतेत. पण ते उपाशी पाणी असते."

"म्हंजे," तानुबाई हळूहळू म्हणाली, "सोयाबीन पिवळं पडते तसा समुद्र निळा पडते?"

सुवर्णानं टाळी वाजवली. "हे मले माह्या प्रबंधात लिवता आलं असतं तं किती बरं झालं असतं!"

बनाबाई ऐकत होती. लोखंड कमी म्हटल्यावर तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. शाळेत आठवड्याला पोरींना लोहाच्या गोळ्या वाटतात. तानुबाईची नात मयुरी ती गोळी जिभेखाली धरून हापशामागे थुंकून येते, हे बनाबाईला माहीत होतं आणि त्यावरून तिनं तिचा कान धरला होता. तो कान धरताना तिला दर वेळी सुवर्णाच्या वेळचे दिवस आठवत. पोटात पोर, ओठ पांढरेफटक, दोन पायऱ्या चढल्या की धाप. नर्सबाईनं गोळ्या दिल्या होत्या. मळमळतं म्हणून बनाबाईनं त्या न्हाणीत टाकल्या. शेवटी नर्सबाई रोज दारात उभी राहून गोळी गिळायला लावायची.

"त्याले रक्त कमी हाय," ती एकदम म्हणाली.

"कोणाले?"

"समुद्राले. बाईले रक्त कमी असते तसं. दिसाले धडधाकट, पण आतून जीव नाही."

तानुबाई पहिल्यांदाच तिला न हसता म्हणाली, "हाव, तसंच असन."

मग प्रश्नांची सरबत्ती लागली. ती राख पडली की लगेच पीक येतं का? सुवर्णा म्हणाली, त्या काचेवर ज्वालामुखीच्या वाफांचा खारट थर बसलेला असतो, तो पाण्यात पटकन विरघळतो आणि त्यातून थोडं लोखंड सुटतं. अलास्काच्या बाजूला एकदा असा ज्वालामुखी उडाला, राख वाऱ्यानं समुद्रावर पसरली, आणि थोड्याच दिवसांत समुद्राचा केवढा तरी पट्टा हिरवा झाला, उपग्रहातून दिसला. पण दर वेळी तसं होत नाही. कधी राख पडते आणि काहीच उगवत नाही. का, तेच तर शोधायचं.

"ज्वालामुखी म्हंजे आपल्या लोणारच्या तळ्यासारखं का?"

"नाही मावशी, लोणारले वरून दगड पडला. पण ज्वालामुखीचंच पाहाचं असन तं तुमच्या वावरात पाहा. आपली काळी माती लाव्ह्याचीच हाय. खडक झिजून झिजून माती झाली."

"माह्या वावरात ज्वालामुखी!" तानुबाईनं शेताकडे असं पाहिलं, जणू शेषरावनं ही गोष्ट इतकी वर्षं तिच्यापासून लपवली होती. मग व्यवहारावर आली. "पण मंग ज्वालामुखीची वाट काऊन पाहाची? जहाज भरून हिराकस न्या अन् द्या टाकून."

"लोकाइनं करून पाह्यलं, मावशी. आपल्या देशाच्या जहाजानं बी एकदा पाह्यलं. शेवाळ वाढलं, पण बारक्या किड्याइनं येऊन खाऊन टाकलं."

"म्हंजे आमच्यावानीच!" तानुबाई मांडीवर हात मारून हसली. एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "समुद्राच्या शेतकऱ्याले बी अळी सोडत नाही!"

हसू ओसरलं तशी तिनं परत परात मांडीवर घेतली. बनाबाई पुन्हा अवघडली. "मी मेहकरच्या तांबटाकडून घासून आणते," ती म्हणाली. "नाहीतं दुसरी घे. सांग काय करू."

तानुबाईनं विचार केला. "दुसरी काय करू? माह्या आईनं दुसरी दिली थोडीच." ती उठली, परात काखेत मारली. "मले समुद्र दाखवाले ने. एवढं आयुष्य गेलं, माह्यानं समुद्र पाह्यणं झालं नाही. तुही भरपाई तेच."

बनाबाईनं समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायचाही नव्हता. पण अपराधी माणसाला निवड नसते.

शाळेत सुवर्णानं उरलेल्या राखेवर पोरांना गोष्ट सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मयुरीनं विचारलं, समुद्राला गोळी कडू लागते का. त्या आठवड्यात तिनं स्वतःची गोळी थुंकली की गिळली, ते बनाबाई हापशामागे जाऊन पाहून आली. जमीन कोरडी होती.

डिसेंबरात सुवर्णा दक्षिणेच्या समुद्रात मोठ्या सफरीवर निघणार होती. जहाज गोव्याहून सुटणार होतं. ती जायच्या आधी दोघी निघाल्या. शेषराव आणि शंकरराव त्यांना मेहकरच्या स्टँडवर सोडायला आले. शंकररावनं बसच्या टायरांना लाथ मारून पाहिली, इंजिनाचा आवाज ऐकला आणि "चालते" म्हणाला. पुण्याला गाडी बदलून, घाट उतरून, अंग आंबवून दोघी गोव्यात पोचल्या. वाटेत तानुबाई प्रत्येक पिकाचं नाव विचारत आली आणि बनाबाई माहीत नसलेली नावंही सांगत आली.

सुवर्णा त्यांना सरळ किनाऱ्यावर घेऊन गेली.

माडांच्या रांगेतून बाहेर पडल्यावर समोर एकदम काहीच नव्हतं. म्हणजे पाणी होतं, पण पलीकडची बाजू नव्हती. बनाबाईचे पाय वाळूत थबकले. तिला भीती वाटायला हवी होती. तिनं त्याची तयारी करून ठेवली होती. पण लाट आली, पायाखालची वाळू ओढून परत गेली, आणि भीतीऐवजी तिला गुदगुल्या झाल्या. तिनं तानुबाईचा हात घट्ट धरला. तानुबाई नऊवारीचा काष्टा वर खोचून गुडघाभर पाण्यात जायला निघाली होती आणि बनाबाईला ओढत होती.

तानुबाईनं ओंजळीत पाणी घेतलं, निरखलं. "सुवर्णा, हा तं हिरवट मातकट हाय. याले काही कमी दिसत नाही."

"किनारा हाय ना मावशी. हा पोटभर जेवलेला. उपाशी तिकडं हाय," सुवर्णानं क्षितिजाकडे हात केला.

बनाबाईनं तिकडे पाहिलं. दूर, जिथं पाणी आभाळाला टेकतं, तिथं निळी रेघ होती. पोरगी त्या रेघेच्या पलीकडे जाणार होती. इतके दिवस तिच्या मनात समुद्र म्हणजे पोरीला गिळायला बसलेला कुणी होता. आज त्या निळ्या रेघेकडे पाहताना तिला पांढऱ्या ओठांची, धाप लागलेली बाई आठवली. अशा आजाऱ्याकडे कुणीतरी जायलाच पाहिजे, तिला वाटलं. नर्सबाई उन्हातान्हात चालत यायचीच ना.

संस्थेत सुवर्णानं दोघींना आपली प्रयोगशाळा दाखवली. कपाटात प्रकाशाखाली बाटल्यांची ओळ होती. संस्थेच्या मागच्या सफरीत दक्षिणेहून आणलेलं पाणी, त्यात शेवाळ वाढायला ठेवलेलं. एका बाटलीत नुसतं पाणी, दुसरीत कणभर राख घातलेलं. पहिली बाटली स्वच्छ, दुसरीत हिरवट झाक. फार नाही, उन्हात धरल्यावर कळावी एवढीच.

"एवढंसंच?" तानुबाई म्हणाली. तिला बहुतेक बाटलीतून सोयाबीन बाहेर आलेलं हवं होतं.

सुवर्णानं दुसऱ्या बाटलीतला थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "आई, इथून पाह्य. एक डोळा मिटून."

बनाबाईला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम गोल उजेड आला आणि त्यात नक्षी. कुठं काचेच्या डब्या, कुठं त्या डब्यांच्या साखळ्या, प्रत्येकीवर बारीक जाळी, आत सोनेरी-हिरवा ठिपका. रांगोळीचे ठसे कुणी इतके लहान केले असतील का? तिनं डोळा हलवला नाही. बोललीही नाही. ती बोलत नाही हे पाहून तानुबाईला काळजी वाटली.

"बने, काय दिसते? सांग ना वं."

बनाबाईनं डोळा न काढता नुसता हात हलवला.

"सरक मंग, मले पाहू दे!"

"थांब."

"थांब काय? परात माही फुटली, का तुही?"

"फुटली नाही, ओरखडली. थांब म्हटलं ना." आणि ती तशीच वाकून राहिली, शेवटी तानुबाईनं कमरेनं ढकलून जागा घेतली. मग तीही गप्प झाली. खोलीतली दुसरी पोरंपोरी कामं सोडून पाहत होती, दोन नऊवारी बायका आळीपाळीनं एकमेकींना ढकलतायत.

दुसऱ्या दिवशी जहाज सुटलं. बंदरात आत जायला परवानगी नव्हती. दोघी टेकडीवरच्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. लाल-पांढरं जहाज सावकाश वळलं. डेकवर माणसं मुंग्यांएवढी. त्यातली एक मुंगी ओढणी हलवत होती की तसा भास होता, कळायला मार्ग नव्हता. तरी बनाबाई दोन्ही हात वर करून हलवत राहिली. रडायचं तिनं घरून ठरवून आणलं होतं, थोडंफार रडलीही. पण रडता रडता मधेच थांबून तिनं शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी कुटुंबाला सांगितलं, की ते जहाज चाललंय तिथं समुद्राला रक्त कमी आहे, आणि तिची मुलगी त्याचं औषध तपासायला चालली आहे. त्या कुटुंबानं एकमेकांकडे पाहिलं. तानुबाई पुढे झाली. "खरं हाय," ती म्हणाली. "मीनं डोयानं पाह्यलं."

जहाज दिसेनासं झालं तेव्हा दोघींना कडकडून भूक लागल्याचं लक्षात आलं. खाली रस्त्याच्या कडेला एक घरगुती खानावळ होती. तानुबाई माळकरी; तिनं भात आणि सोलकढी घेतली. बनाबाईनं ताटातली बांगड्याची तुकडी उलटसुलट करून पाहिली. हा मासा कुणाला खाऊन मोठा झाला, तो कुणाला खाऊन, आणि अगदी खाली ती नक्षीची डबी, असा सगळा उतरंडीचा हिशेब तिच्या डोक्यात एकदा फिरला. मग तिनं घास घेतला.

तानुबाई तिच्या तोंडाकडे पाहत होती. "कसा लागते?"

बनाबाईनं डोळे मिटून घास घोळवला. एवढ्या वर्षांची खिचडी शिजवणारी बाई ती. चवीच्या बाबतीत भीडभाड ठेवत नसे.

"बरा हाय," ती म्हणाली. "मीठ कमी हाय जरा."